खांब रंगावर उभा होता

आमच्या घराला वाळवी लागली ती माझ्या दुर्लक्षामुळे, असं आमच्याकडे अजून बोललं जातं. माझ्यासमोर नाही, गणपतीला सगळे जमले की मागच्या पडवीत. मी बारा महिने त्या घरात राहते, रोज झाडलोट करते, मग मला दिसलं कसं नाही, हा त्यांचा प्रश्न. मला दिसलं होतं. दिसलं तेव्हा मी बोललेही होते, घरातल्यांपाशी आणि ज्याला पैसे मोजले त्याच्यापाशीही. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते. कोकणात, गोव्यात, समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत ज्यांची घरं आहेत त्यांच्या ते उपयोगी पडेल. आणि लिहून माझं मन थोडं मोकळं झालं तर तेही मला हवं आहे.

घर दापोली तालुक्यातलं. चिऱ्याचं, कौलारू. खांब ऐनाचे, तुळया किंजळीच्या, दारं फणसाची. आजेसासऱ्यांनी बांधलं तेव्हा प्रत्येक खांबाखाली दगडाचा तळखडा ठेवला होता, जमिनीच्या वर वीतभर दिसेल असा. जोतं उंच. पागोळ्यांचं पाणी दगडी पन्हळीतून परसाच्या टोकाला जाई. सरपणाची खोपी घरापासून लांब. त्या लाकडाला इतकी वर्षं काही झालं नाही ते या सगळ्यामुळे. लोक म्हणतात, जुनं लाकूडच चांगलं होतं. लाकूड चांगलं होतंच, पण ते मातीपासून दूर ठेवलेलं होतं, हे कोणी सांगत नाही.

मग धाकट्या दिरांनी घराची दुरुस्ती काढली. शेणाची जमीन नको, फरशी हवी. ओटी आणि माजघर एका पातळीत हवं. ती पातळी साधायला माजघरात मातीचा भराव घातला, त्यावर कोबा, त्यावर फरशी. तळखडे भरावाखाली गेले आणि खांबांचे बुंधे थेट मातीत आले. मी तेव्हा विचारलं होतं, हे दगड गाडायचे का? "वहिनी, वर राहिले तर फरशी नीट बसत नाही," एवढंच उत्तर मिळालं. त्या भरावात काय काय गेलं तेही मी पाहिलं आहे. नव्या न्हाणीघराच्या स्लॅबसाठी आणलेल्या सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, मुळं, सिमेंटच्या कागदी पिशव्या. मातीतल्या वाळवीला याहून मोठं आमंत्रण नसतं. भिंतीला चिकटवून प्लायवुडचं कपाटही त्याच वेळी झालं. त्यात सासऱ्यांनी लावून ठेवलेली कागदपत्रं आणि त्यांच्या हातच्या आंब्याच्या हिशेबाच्या वह्या मीच ठेवल्या, कारण घरातली कोरडी जागा ती, असं मला सांगण्यात आलं होतं.

पहिली खूण त्या कपाटामागे दिसली. फरशीच्या सांध्यातून निघून भिंतीवर चढलेली मातीची रेघ. मी ती काठीने मोडली तर आत पांढुरके, मऊ किडे. दुसऱ्या दिवशी मोडलेला भाग पुन्हा बांधलेला होता. हे लक्षात ठेवा, कारण रेघ जुनी, सोडून दिलेली आहे की चालू आहे, हे ओळखायची याहून सोपी परीक्षा नाही. थोडी मोडायची, बाकीची राहू द्यायची, आणि बघायचं. सगळी झाडून टाकली की वाट कुठून आली तेच हरवतं.

मी माणूस बोलावला. तालुक्याच्या ठिकाणी त्याचा पेस्ट कंट्रोलचा व्यवसाय आहे. नाव देत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. आला तो हमीपत्रांचं पुस्तक काखेत घेऊन. चौरस फुटाचा दर सांगितला, पाच वर्षांची हमी सांगितली. जोत्याभोवती फेरी मारली नाही, खांबाला हात लावला नाही, फरशीखाली काय आहे ते विचारलं नाही. ते मी आपणहून सांगितलं: आत भराव आहे, तळखडे बुजवलेत, कोबा घातलाय. तो "हो, हो काकू" म्हणत पावती फाडत होता.

त्याच्या पोरांनी भिंतीच्या कडेने फरशीला भोकं पाडली, पाठीवरच्या पंपाने त्यात औषध सोडलं, पांढऱ्या सिमेंटने भोकं बुजवली. काम दिसायला सुबक. घरभर रॉकेलचा वास. औषध कोणतं, असं मी विचारलं तेव्हा "इम्पोर्टेड आहे" असं उत्तर आलं. कॅनवर लेबल नव्हतं. हेही मी त्याच दिवशी बोलले. "काकू, तुम्हाला वाळवी मारायची की शिकायची?" असं तो म्हणाला आणि पोरं हसली. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

पुढच्या जूनमध्ये, पहिला मोठा पाऊस पडून गेला त्या संध्याकाळी माजघरातून पंखवाले किडे निघाले. पावसाळ्याच्या तोंडावर असे किडे दिव्यावर येतात हे मलाही ठाऊक आहे, मी कोकणातच वाढले. पण खिडक्या बंद होत्या आणि ते बाहेरून येत नव्हते. मधल्या खांबापाशी फरशीच्या फटीतून वर येत होते. सकाळी कोपऱ्यात पंखांचा ढीग. वाळवीच्या भरलेल्या वारुळातूनच हे पंखवाले नर-माद्या बाहेर पडतात, जोडी जमवतात, पंख टाकतात आणि नवं वारूळ मांडायला जातात. घराच्या आतून ते निघाले याचा अर्थ वस्ती फरशीखाली आहे आणि ती जोमात आहे. पंखवाल्या मुंग्यांशी गल्लत होते, म्हणून सांगते: वाळवीचे चारही पंख एकसारख्या लांबीचे असतात आणि तिला मुंगीसारखी बारीक कंबर नसते. मी फोटो पाठवले, फोन केला. "पावसाळी किडे आहेत, दिवा बंद ठेवा," तो म्हणाला. फारच मागे लागले तेव्हा श्रावणात येऊन भिंतीवर फवारा मारून गेला आणि हमीपत्राच्या मागे 'सर्व्हिस दिली' असं लिहून माझी सही घेतली. अशी सही कोणी मागितली तर काय काम केलं ते सविस्तर लिहून घेतल्याशिवाय करू नका. त्या दोन शब्दांचा तो आज पुरावा म्हणून वापर करतो आहे.

गणपतीच्या तोंडावर माजघराचं दार लागेना. पावसाने लाकूड फुगलं असेल म्हणून रंधा मारायला सुतारदादांना बोलावलं. त्यांनी दाराकडे पाहिलंच नाही. वर तुळईकडे पाहिलं, मग हातोडीच्या दांड्याने मधला खांब वरून खाली ठोकत आले. वर आवाज भरीव. कमरेपर्यंत भरीव. गुडघ्याशी आल्यावर आवाज बदलला. त्यांनी पटाशी टेकवली, जोर न लावता ती मुठीपर्यंत आत गेली. बाहेर ऑइलपेंटचा गुळगुळीत पापुद्रा आणि आत मातीचे थर, लाकडाच्या शिरा तेवढ्या उरलेल्या. "वैनी, हा खांब रंगावर उभा आहे," ते म्हणाले. तुळई एका बाजूला खचली होती म्हणून दार अडत होतं. त्यांनी लगेच बांबू मागवून टेकू दिले आणि वर मंगलोरी कौलांचा भार आहे, त्या खोलीत कोणी झोपायचं नाही, असं बजावून गेले. त्या वर्षी आमचा गणपती माजघरात बसला नाही, ओटीवर बसवावा लागला. घरात पिढ्यान् पिढ्या जे घडलं नव्हतं ते माझ्या राहण्यात घडलं, आणि ते कोणाच्या नावावर टाकलं गेलं ते सुरुवातीला लिहिलंच आहे.

खरा उलगडा त्यानंतर झाला. खांबाचा बुंधा मोकळा करायला गवंड्याने भिंतीकडच्या फरशा पहारीने काढल्या. प्रत्येक फरशीला त्या पोरांनी पाडलेलं भोक होतं. खाली कोब्याला बोटाच्या पेरभर खळगा. आणि बस. कोबा चार इंचांचा, त्याची खालची बाजू अखंड. गवंड्याने एक तुकडा उलटा करून माझ्या हातात दिला, मी तो उजेडात धरला. आरपार काही नव्हतं. मग न काढलेल्या फरशांमधली भोकं मी स्वतः उकरली आणि एकेका भोकात छत्रीची तार घालून पाहिली. प्रत्येक ठिकाणी तार तेवढ्याच खोलीवर अडली. माजघरभर फिरले, ओटीवर फिरले. एकही भोक मातीपर्यंत पोचलेलं नव्हतं. म्हणजे ते जे काही इम्पोर्टेड होतं, ते फरशीखालच्या चुन्या-सिमेंटात जिरून वाळलं. ज्या मातीत वाळवी होती त्या मातीला त्याचा थेंबही लागला नाही. मी वर्षभर ज्या औषधाच्या भरवशावर होते ते त्या घरात कधी दिलंच गेलं नव्हतं. मी त्या फरशीवर बसून रडले, संतापाने.

त्याला बोलावलं. आला. खळगे पाहिले, आणि पहिलं वाक्य काय, तर कोबा इतका जाड आहे हे तुम्ही सांगितलं नाहीत. मी सांगितलं होतं, पावती फाडताना. मग म्हणाला, हमी जमिनीची आहे, खांब लाकूडकामात येतो. मग म्हणाला, ही जुनी वाळवी नाही, नवी आहे, पावसात आली. शेवटी म्हणाला, "घरात पुरुष माणूस कोण आहे? मी त्यांच्याशी बोलतो." त्याने माझ्याच धाकट्या दिरांना मुंबईला फोन लावला आणि बाईंनी घर बंद, दमट ठेवलं म्हणून असं झालं, असं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. पैसे मी माझ्या पेन्शनमधून दिले होते.

आता काय करायचं ते सांगते.

बहुतेक वाळवी मातीतली असते आणि लाकडावर ती फक्त खायला येते. तिची कातडी नाजूक, कोरड्या हवेत ती सुकून मरते, म्हणून मातीची नळी बांधून तिच्या आतून चालते. खाली राणी अंडी घालत असते आणि ती वर्षानुवर्षं जगते. आपल्याकडच्या बऱ्याच वाळव्या तर मातीत बुरशी पिकवतात. श्रावणाच्या सुमाराला वारुळावर उगवणारी अळंबी आपण हौसेने खातो, गोव्यात तिला रोंयणीची अळमी म्हणतात. ती याच बुरशीची छत्री. ज्याची शेती जमिनीखाली आहे त्याच्या वर दिसणाऱ्या कामकऱ्यांवर फवारा मारून काय साधणार? पाच-पन्नास मेल्या तर दुसऱ्या वाटेने येतात. रॉकेल, डिझेल, मीठ, हळद, कडुनिंबाचं तेल या सगळ्याचं तेच. जिथे लागतं तिथल्या मरतात. शेजारच्या काकांनी मला गॅमेक्झिन पावडर आणायला सांगितली होती. तिच्यावर आपल्या देशात 1997 पासून बंदी आहे. कुठे जुना डबा सापडला तरी घरात वापरू नका.

मातीशी किंवा ओलीशी संबंध नसलेली, कोरड्या लाकडातच राहणारी वाळवीही किनाऱ्याकडे असते. तिची मातीची रेघ दिसत नाही. लाकडाखाली खसखशीसारखे दाणे पडलेले दिसतात. त्या दाण्यांऐवजी बारीक पीठ पडत असेल तर ते लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचं काम. या दोन्हींना जमिनीतल्या औषधाचा उपयोग नाही, लाकडावरच उपचार करावा लागतो. म्हणून नेमकं काय लागलंय हे आधी ठरवून घ्या. जो माणूस हे न पाहता दर सांगतो त्याला दारातूनच परत पाठवा.

बांधलेल्या घराच्या वाळवी-उपचाराला भारतीय मानक आहे, आयएस 6313, त्याचा तिसरा भाग. मला हे आधी कोणी सांगितलं नाही. नंतर ज्या माणसाने काम केलं त्याने आपणहून दाखवलं. त्यात भिंत आणि फरशी मिळतात त्या रेषेवर साधारण 30 सेंटिमीटरवर एक अशी 12 मिलिमीटरची भोकं, मातीपर्यंत, आणि प्रत्येक भोकात जास्तीत जास्त एक लिटर औषधपाणी, असं आहे. चौकटी जिथे भिंतीला भिडतात तिथे 6 मिलिमीटरची तिरकी भोकं 15 सेंटिमीटरवर, त्यात लाकडासाठीचं तेलातलं औषध. शिवाय बाहेरून जोत्याला लागून मातीत उपचार. हे झालं नाही तर आतलं काम अर्धं.

आता हिशेब करा, कारण या हिशेबाने मला जे कळलं ते पुढच्या कोणालाही पहिल्याच दिवशी कळेल. शंभर फूट लांबीची भिंत म्हणजे साधारण तीस मीटर, म्हणजे शंभर भोकं, म्हणजे शंभर लिटरच्या घरात औषधपाणी. आमच्या घरात भिंती याहून किती तरी लांब. आणि तो आला होता सोळा लिटरचा एक पाठीवरचा पंप घेऊन, तोही पुन्हा भरलेला मी पाहिला नाही. किती लिटर लागणार, हे आधी विचारा. उत्तर देता आलं नाही तर त्याने हे काम नीट कधी केलेलं नाही.

औषधाचा सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि पाणीही तुमच्यासमोर मिसळायला सांगा. लेबलवर औषधाचं नाव, टक्केवारी, नोंदणी क्रमांक, मुदत आणि विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. क्लोरपायरीफॉस 20 टक्के ईसी असेल तर एक लिटरला एकोणीस लिटर पाणी. इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के असेल तर एका लिटर पाण्याला 2.1 मिली. प्रमाण लेबलवर दिलेलं असतं, तेच धरा. इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधाचा वाळवीला सुगावा लागत नाही, ती त्यातून जाते आणि अंगावरून दुसऱ्यांपर्यंत पोचवते, म्हणून परिणाम दिसायला वेळ लागतो. याला वास जवळजवळ नसतो. घरभर वास सुटला म्हणजे औषध जोरदार, ही आपली समजूत असे लोक चांगली ओळखून असतात.

विहिरीचं सांभाळा. कोकणात विहीर घराला खेटून असते आणि चिरा सच्छिद्र. विहिरीच्या बाजूला जमिनीत औषध सोडू देऊ नका. तिकडे लाकडावरचा उपचार आणि आमिषाच्या पेट्या यांवर भागवा, महाग पडल्या तरी. पावसात किंवा माती चिंब असताना काम करू नका. औषध मुरत नाही, वाहून जातं. पाऊस संपून जमीन वाफशावर आली की दिवाळीनंतर ते थेट मेपर्यंत कधीही करा. लहान मुलं, गरोदर बाई, गाईगुरं त्या दिवशी तिथे नकोत.

क्रम चुकवू नका. आधी पाणी थांबवा, मग मातीवर उपचार, आणि लाकूड सगळ्यात शेवटी बदला. सगळे उलट करतात, कारण लाकूड डोळ्यांना दिसतं. गळका पाइप, न्हाणीची मोरी, जोत्याशी साचणारं पागोळीचं पाणी, भिंतीला टेकून रचलेलं सरपण, नारळाच्या झावळ्या, पुठ्ठ्याचे खोके, हे सगळं आधी हलवा. घर हवेशीर ठेवा, कपाटं भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. नवं लाकूड घेताना सागवानाला वाळवी लागत नाही या बोलण्यावर जाऊ नका. सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही, बाहेरचा पांढरा भाग ती खाते, आणि हल्लीच्या कोवळ्या सागात पांढराच भाग जास्त असतो. सुतारासमोर फळीचा छेद पाहूनच पैसे द्या. आमच्या सुतारदादांनी खांबाचा सडका बुंधा कापून खाली काळ्या दगडाचा ठोकळा बसवला, फरशीच्या वर वीतभर. बुजवलेले दोन तळखडेही उकरून निघाले. ते मी धाकट्यांना दाखवले. त्यांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

कागदांचं सांगते. सातबारा आता डिजिटल सहीचा मिळतो, खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून मिळते, आम्हालाही मिळाली. सासऱ्यांच्या वह्या मिळाल्या नाहीत. कुठल्या कलमाला कोणत्या वर्षी किती आंबा आला, कोणत्या साली मोहोर करपला, हे त्यात होतं. वह्यांचे पुठ्ठे शाबूत होते, आत माती. तुमच्या घरात असं काही असेल तर आजच फोटो काढून ठेवा.

व्यावसायिक पेस्ट कंट्रोलला कीटकनाशक कायदा 1968 खाली परवाना लागतो. तो मागा, क्रमांक लिहून घ्या. शंका आली तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विचारा. जीएसटीचं बिल घ्या. हमीपत्रावर नुसतं 'पाच वर्षं' असेल तर त्याचा काही उपयोग नाही. औषधाचं नाव, प्रमाण, एकूण लिटर, भोकांची संख्या आणि खोली, बाहेरचं काम केलं की नाही, लाकूडकाम त्यात आहे की नाही, आणि पुन्हा वाळवी दिसली तर किती दिवसांत येणार, हे सगळं लिहून घ्या. लिहायला नकार देतो तो पुढे यायलाही नकार देतो. माझ्या हमीपत्रावर यातलं एकही नव्हतं, म्हणून आज मला फरशीचे तुकडे आणि फोटो यांवर बाजू मांडावी लागते आहे. ते तुकडे फेकून देऊ नका, असं मला गवंड्यानेच सांगितलं. कोबा, फरशी, पोखरलेला बुंधा, जे काही निघेल ते तारखेसह जपून ठेवा.

तक्रार करायची तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे जिल्हा आयोगात करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या सेवेसाठी तक्रारीला शुल्क नाही, आणि वकील नसला तरी आपली बाजू आपण मांडू शकतो. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोला, लेखी नोटीस पाठवा, पोचपावती ठेवा. माझी तक्रार दाखल आहे. त्याने अजून एक पैसा परत केलेला नाही. आमच्याच वाडीत दोन घरी तो गेल्या मोसमात काम करून गेला. मी दोन्ही घरी जाऊन सांगितलं, एकाने ऐकलं.

तुम्ही कोणालाही काम द्या, पण पहिलं भोक पडलं की पंप बाजूला ठेवायला सांगा. त्या भोकात छत्रीची तार घाला. तार मातीत शिरली आणि टोकाला माती लागून वर आली, तरच दुसरं भोक पाडू द्या.